वीस रकाने

लाकडावरच्या ओल्या रंगाचा वास आला की निर्मलमधल्या माझ्या खेळण्यांच्या दुकानातली एक दुपार आठवते. नव्वदचं दशक सरत आलं होतं आणि वेबसाइट करायला मी नांदेडहून एका बाईंना बोलावलं होतं. आधीच्या संगणकवाल्यानं मला फसवलं होतं, तो राग मनात होताच. नवं खेळणं वेबसाइटवर आपलं आपल्याला टाकता यावं म्हणून बाईंनी एक पान केलं होतं. त्यात तीनच रकाने होते: फोटो, नाव आणि माहिती. माझी बायको सातवी शिकलेली. तिनं पदराला हात पुसले, खुर्चीवर बसली आणि एकेक अक्षर शोधत लाकडी पोपट टाकून दाखवला. "आवो, पाहा ना, मलेबी जमून राह्यलं!" ती हसत म्हणाली. मी मात्र रकाने मोजत होतो. "तीन रकान्यांचे एवढे पैसे? आमी का येडे हाओ का?" मी गिऱ्हाइकांसमोर ओरडलो. "शेठ, कमी ठेवणं हेच तर काम आहे," बाई शांतपणे म्हणाल्या. मी ऐकलं नाही. त्याच भावात वीस रकाने करून घेतले, आणि एकही रिकामा चालणार नाही असं वर बजावलं. बायकोनं दोन दिवस खटपट केली. कुठला तरी रकाना राहायचा आणि पान पुढे सरकायचं नाही. "मले नाई समजत," म्हणून ती उठली, ती पुन्हा त्या खुर्चीवर बसली नाही. बाईंनी फसवलं, असं मी बाजारभर सांगत फिरलो. आपलंच शिक्षण कमी पडलं असं बायकोला आजही वाटतं, आणि ते खरं नाही हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.