दोनदा मीठ लागलेली सुरमई

बातमी कंधारहून आली. नौदलात नामदेवमामांचे सोबती असलेले दिगंबरकाका फोनवर म्हणाले, "नाम्या गेला. भांडण अर्धवट टाकून गेला..."

भांडण कोचीच्या माशाच्या कालवणाचं होतं. त्यात आंबटाला काळं सुकवलेलं फळ पडतं, असं मामा म्हणत. काका म्हणत, कैरी. निवृत्तीनंतर मामा लातूरजवळच्या मुरुडला आणि काका नांदेडकडच्या कंधारला राहिले. भेट झाली की विशाखापट्टणमची कोळंबी, कारवारचे तळलेले बांगडे असं बंदर-बंदर करत दोघे कोचीला पोचत आणि तिथे अडत. मामी चुलीपुढून ऐकत. त्यांनी समुद्र पाहिला नव्हता, समुद्राची मासळी चाखली नव्हती. हिला एकदा खरी सुरमई खाऊ घालायची, एवढं मामांनी धरून ठेवलं होतं.

लातूर नवा जिल्हा झाल्यानंतरच्या एका कोरड्या उन्हाळ्यात तो योग आला. जिल्ह्याच्या कचेऱ्यांवर नवे फलक लागले होते आणि मुरुडच्या गल्लीत टँकरची वाट पाहणाऱ्या घागरी होत्या. मुंबईच्या एका जुन्या सोबत्याने भुसा आणि बर्फ भरलेल्या पत्र्याच्या डब्यात सुरमई घालून तो एसटीने पाठवला. काका आदल्या दिवशीच आले होते. सकाळीच कैरीवरून जुंपली आणि दोघांनी बोलणं टाकलं.

मामींनी बजावलं, "मासळी धुवायला गोडं पाणी न्हाई मिळायचं. टँकर आला न्हाई."

मामांच्या जहाजावर मासळी खाऱ्या पाण्यातच मुरवत, वरून मीठ घालत नसत. त्यांनी बोअरच्या मचूळ पाण्यात मूठ-मूठ मीठ कालवून तुकडे बुडवून ठेवले आणि ते शेजारी तव्यासाठी गेले. काकांच्या जहाजाची रीत वेगळी होती. मासळीला मीठ मसाल्यातूनच लागे. त्यांनी तुकडे निथळवले आणि मीठमसाला चोळला. विचारायचं कुणी कुणाला?

पहिला तुकडा मामींच्या ताटात पडला. त्यांनी तो सावकाश खाल्ला, तांब्याभर पाणी प्यायल्या आणि विचारलं, "समुद्र असाच लागतो व्हय?"

मामा तव्याकडे पाहत राहिले. काका ओरडले, "नाम्या, तू मीठ लावलं होतंस?"

"तू विचारलंस?"

पुढे बर्फातली मासळी लातूरच्या बाजारात सहज मिळू लागली. मामांनी कितीदा तरी आणली, पाणी चाखून, मीठ मोजून शिजवली. मामींचं उत्तर ठरलेलं होतं, "एकदा खाल्लाय की समुद्र." मामा चिडत, विनवत, पुन्हा चिडत. मामींना कोचीला नेण्याचं मात्र दर वर्षी पुढे गेलं. शेवटच्या आजारातही मामांचं म्हणणं तेच होतं, "हिला वाटतं समुद्र म्हणजे नुसतं मीठ... चुकीचं हाय ते."

मामांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतर काही आठवड्यांनी काका सुरमई घेऊन मुरुडला आले. "वहिनी, नाम्यासाठी एक घास."

"न्हाई, भाऊजी. आता कशाला?"

काकांनी पिशवी उंबऱ्याबाहेर ठेवली. मामींनी वरणाला आधण ठेवलं. मग घागरीत बोट बुडवून जिभेला लावलं. त्या उन्हाळ्यानंतर मामा दर वेळी तसंच करत.

"नळाचं हाय वहिनी, गोडंच," काका म्हणाले.

"ठाव हाय," मामी म्हणाल्या आणि मिठाच्या डब्याकडे वळल्या.