खाडीकाठची सुमन
सुमन गेल्याचं तिच्या मुलीनं फोनवर सांगितलं, तेव्हा मी नुसतंच ‘बरं’ म्हणाले... त्याला आता काही आठवडे झाले. अजूनही डोळ्यांपुढे येते ती कांदळवनाच्या कडेला, चिखलात साडीसकट बसलेली सुमन.

ऐंशीच्या दशकात आम्ही विक्रोळीला एकाच चाळीत राहायचो, एकाच कारखान्याच्या ऑफिसात टायपिंग करायचो. मस्कतहून आलेल्या भावानं तिला कॅमेरा दिला होता, घरातले वाढदिवस टिपायला. एका रविवारी उरलेला रोल संपवायला म्हणून आम्ही खाडीवर गेलो. ओहोटी होती, आणि सगळा चिखल हलत होता! जिकडे पाहावं तिकडे इवले इवले खेकडे, प्रत्येकाची एक नांगी भलीमोठी, आणि सगळे ती उंचावून जणू आम्हाला बोलावत होते. सुमन मटकन खाली बसली. “अगं, हे रोज चालतं इथं? आणि आपण तिकडे टाइप करत बसतो?”

तेव्हापासून तिचे रविवार खाडीचे झाले. तिच्या सासूबाई म्हणायच्या, “माणसांचाही फोटो काढ गं एखादा.”

मग चाळीतल्या कोंबड्या नाहीशा होऊ लागल्या. कांदळवनात कोल्हे आहेत हे कळल्यावर शेजारच्या खोलीतल्या बाळा नावाच्या तरुणानं त्यांच्या बिळात धूर करून त्यांना मारायचं ठरवलं. उद्या पोरं उचलतील, अशी भीती सगळ्यांनाच होती. सुमननं त्याला अडवलं. “एक फोटो काढू दे रे. मग काय ते करा.”

रविवारी आम्ही बांधाआड पडून राहिलो. उजाडता उजाडता कोल्हीण बाहेर आली, मागोमाग पिल्लं. तिनं सरळ आमच्याकडे पाहिलं... आणि तिथंच आडवी होऊन पिल्लांना पाजू लागली. शटरचा आवाज केवढा मोठा वाटला! पण ती उठली नाही. सुमनच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

तो फोटो तिनं चाळीच्या नळाजवळ भिंतीला चिकटवला. पाण्याला आलेल्या बायका हंडे खाली ठेवून बघत राहिल्या. बाळाही आला. त्यानं फोटो अगदी जवळून निरखला. मग म्हणाला, “आयला, ही तर बाळंतीण आहे यार.” बीळ राहिलं. कोंबड्या तेवढ्या संध्याकाळी घरात घ्यायला लागलो.

परवा तिच्या घरी गेले होते. स्वयंपाकघराच्या खिडकीत पाण्याची वाटी भरलेली होती. सुमन पाखरांसाठी रोज भरायची तशीच. खिडकीजवळच्या तिच्या स्टुलावर बसले, तोच एक बुलबुल वाटीच्या काठावर उतरला. पोळी लाटता लाटता सुमनची मुलगी थांबली आणि कुजबुजली, “मावशी, हलू नकोस...”