स्लॉथ, फुलपाखरू आणि सासूबाई

उंचीवर काम करताना अडकायचं कसं नाही, हे मी ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीच्या खाणीत लोकांना शिकवतो. आणि मी स्वतःच्याच पॅटिओच्या, म्हणजे मागच्या अंगणातल्या छपराच्या, तुळईला अडकलो.

झालं असं, की माझ्या मुलीला, इराला, शाळेत स्लॉथ (तो झाडाला उलटा लटकणारा सुस्त प्राणी) आणि फुलपाखरू यांची तुलना करायची होती. एक काही आठवड्यांत आयुष्य उरकतं, दुसऱ्याला एक झाड उरकत नाही. पण फुलपाखरू कोषातून निघाल्यावर लटकतं, आणि स्लॉथ जन्मभर! कोष मिळाला होता. कोषासकट लिंबाची फांदीच तिने पॅटिओत टांगली. स्लॉथ मात्र अख्ख्या कालगुर्लीत नव्हता.

"बाबा, यू कॅन बी द स्लॉथ," ती म्हणाली.

मी केसाळ तपकिरी ब्लँकेट गुंडाळलं, कमरेच्या सेफ्टी बेल्टचा हूक तुळईला अडकवला आणि स्टुलावरून पाय वर घेतले. फोटो छान आला. तेवढ्यात वारा पडला. पक्षी गप्प झाले. क्षितिजावरून लाल धुळीची भिंत सरकत आली आणि भर दुपारी सगळं रक्तासारखं लाल झालं. मी इराला ओरडून खिडक्या लावायला पाठवलं. ती आज्ञाधारक. खिडक्यांना हात पुरावा म्हणून स्टूलही घेऊन गेली!

माझ्या वजनाने हूक घट्ट बसला होता, सुटेना. (हे मी पहिल्याच तासाला शिकवतो.) त्या लाल अंधारात माझ्या नाकाशेजारचा कोष तडकला. आतून एक बारीक पाय आला, मग दुसरा. ओलं, चुरगळलेलं काहीतरी बाहेर येऊन माझ्याकडे बघत लटकलं.

इतक्यात पुण्याहून आलेल्या सासूबाई झोपेतून उठून दारात आल्या. धुळीने माझा घसा बसलेला. मी हात हळूच पुढे करून घोगऱ्या आवाजात म्हणालो, "आई... स्टूल..."

त्यांनी शांतपणे दार लावलं. आतून कडी घातली. मग रामरक्षा सुरू झाली. ते बाबाच आहेत, असं इरा सांगत होती, पण त्या तिला दाराजवळ येऊ देईनात.

"आवाज काढतंय तुझ्या बाबांचा," त्या म्हणाल्या. "उत्तर द्यायचं नाही."

वादळ सरलं. फुलपाखरू पंख वाळवून उडून गेलं. मी तिथेच. शेवटी हॉस्पिटलची शिफ्ट संपवून बायको आली, तिने पायाखाली स्टूल दिलं.

संध्याकाळी चहा घेताना मी सासूबाईंना विचारलं, की इतक्या वर्षांच्या जावयाला ओळखलं कसं नाही?

"अहो, तुम्ही सोफ्यावर असता तर लगेच ओळखलं असतं," त्या म्हणाल्या.