बियाण्याच्या पोत्यांत खायची ज्वारी

सत्तरच्या दशकातली ही घटना मला अजून जशीच्या तशी आठवते. जालना तेव्हा स्वतंत्र जिल्हा नव्हता. मी तिथल्या ठाण्यात फौजदार होतो. पेरणी तोंडावर आली असताना बियाण्याचे एक व्यापारी फिर्याद घेऊन आले. संकरित ज्वारीच्या बियाण्याची पोती त्यांनी ट्रकने घनसावंगीला पाठवली होती. तिथल्या दुकानदाराने पोती उसवली, तर आत खायची ज्वारी निघाली.

व्यापाऱ्यांचा संशय ड्रायव्हरवर होता. त्यांचा मेहुणा गोदाम सांभाळायचा. तो तर ड्रायव्हरला आत टाका म्हणून हटूनच बसला. ड्रायव्हरचा ट्रक स्वतःचा होता. तो आम्ही ठाण्याच्या आवारात लावून घेतला, म्हणजे त्याच्या घरची चूलच अडली. मी त्याला फिरवून फिरवून तेच विचारलं. दर वेळी उत्तर एकच.

"गाडी रस्त्यात कुठंच थांबली न्हाई, साहेब. पोत्यात काय हाय, ते मला कुणी दाखवलंच न्हाई."

खोटं बोलणारा दर खेपेला थोडी भर घालतो. हा घालत नव्हता.

मग आमच्या खबऱ्याने भोकरदनच्या बाजारातून मूठभर बियाणं आणलं. कुणीतरी ते चोरून, स्वस्तात विकत होतं. दाण्यांना कीड लागू नये म्हणून लाल औषध चोळलेलं होतं. माझी बोटं लाल झाली आणि मी तसाच उठून आवारात गेलो.

पंचांसमोर ट्रकचा तळ तपासला. फळ्यांच्या फटींत आधीच्या खेपेचा कोंडा तसाच होता, म्हणजे ट्रक धुतलेला नव्हता. पोत्यांतून औषधाची भुकटी झिरपतेच, पण इथे लाल रंगाचा मागमूस नव्हता. खरं बियाणं या ट्रकमध्ये चढलंच नव्हतं.

मेहुण्याला बोलावून घेतलं. या फळ्यांवर हात फिरवा, बोट लाल झालं तर ड्रायव्हरला अटक करतो, असं सांगितलं. त्याने हात फिरवला, बोटं पाहिली आणि तिथेच खाली बसला. मग म्हणाला, "दाजी गोदामात कधी येतच न्हाईत, साहेब. कुणी बघणारंच नव्हतं."

भोकरदनजवळच्या एका गोठ्यातून बहुतेक मुद्देमाल मिळाला. रीतसर सोडवून घेतल्यावर व्यापाऱ्यांनी तो घनसावंगीला नेण्यासाठी त्याच ड्रायव्हरला विचारलं. त्याने नाही म्हटलं नाही. एवढंच म्हणाला, "आधी उघडून दाखवा, शेठ. मंग भरा." व्यापाऱ्यांनी मान खाली घालून स्वतःच्या हाताने पोतं सोडलं. पेरणी साधली.

पुढे अनेक व्यापाऱ्यांना मी हेच सांगत आलो. माल भरताना मालकाने स्वतः उभं राहावं. ड्रायव्हरसमोर एखादं पोतं उघडावं, मग शिवून मोहोर लावावी. उतरवून घेणाऱ्यानेही ड्रायव्हर हजर असतानाच मोहोर तोडावी. अशाने माल तर सांभाळला जातोच, शिवाय एखादा निर्दोष माणूस ठाण्याच्या बाकावर येऊन बसत नाही. मला विचाराल तर या दोन्हींत मोठा फायदा दुसरा.