पूजेत मांडलेला पाना

गॅसचं ग्रिल आणायची अवदसा मलाच आठवली, हे आधी कबूल करतो. हिनकलला नवं घर, मागे चार हात अंगण, स्वयंपाकघरात नुकतीच आलेली पाइपच्या गॅसची लाइन. म्हटलं, आयुधपूजेला सगळं घराणं जेवायला येतं, यंदा मटण बाहेर भाजू. जोडणीला गॅस कंपनीचा माणूस बोलावतो, असं घरात बोललो आणि तिथंच फसलो.

माझे अप्पा हूटगळ्ळीच्या कारखान्यात जन्मभर फिटर. "परका माणूस कशाला? तू सुम्ने बस," म्हणाले. बसलो गप्प. पूजेच्या सकाळी त्यांनी ओट्याखालच्या लाइनला फाटा काढला, सिलिंडरची जुनी रबरी नळी खिडकीतून ग्रिलपर्यंत नेली, आणि पाना धुऊन, कुंकू लावून देवापुढे मांडला. पूजेतल्या हत्याराला दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी हात लावायचा नाही. पणजोबांच्या तलवारी गेल्या, पाने आले, नेम तोच.

दुपारी घरात तीसेक माणसं. मटण ग्रिलवर चढलं आणि मला ओट्यापाशी वास आला. साबणाचं पाणी लावून पाहिलं तर फाट्याच्या सांध्यावर बुडबुडे. ग्रिल बंद केलं आणि अप्पांना बाजूला घेतलं.

"थोडं असतं तसं. खिडकी उघडी ठेव, उद्या आवळतो. आज पान्याला हात नाही लावायचा."

"अप्पा, आत पोरं आहेत. अन् ही नळी ह्या गॅसची नव्हेच."

"तीस माणसांत माझी लाज काढतोस?"

इकडे आड, तिकडे विहीर. मी चाळिशी ओलांडलेला माणूस, आणि वडिलांसमोर तसाच उभा राहिलो. किती वेळ, ते सांगायला आजही शरम वाटते. शेजारच्या खोलीत माझी मुलगी समईची वात पुढे सारत होती. तिच्याकडे नजर गेली आणि मग मात्र मी बाहेर धावलो. मीटरजवळचा कॉक बंद केला, भर पूजेत समई शांत केली, सगळ्यांना अंगणात काढलं आणि कंपनीला फोन लावला.

त्यांचा माणूस आला. त्यानं तो फाटा उखडून टाकला, लाइनचं तोंड बुजवलं, सगळं तपासलं. ग्रिलला वेगळा पाइप, वेगळा कॉक लागतो, ज्यातून गॅस सुटतो तो आतला जेटही बदलावा लागतो, हे समजावलं. मग कन्नडात विचारलं, हे केलं कुणी?

अप्पा स्वतःच्या हातांकडे बघत होते. मला बघवेना. "मी," म्हणालो.

त्यांनी मान वर केली. वाटलं, आता म्हणतील, नाही, मी केलं.

"हजारदा सांगितलं ह्याला," अप्पा त्या माणसाला म्हणाले, "जाणत्या माणसाला बोलाव म्हणून."

तेव्हापासून दरवर्षी पंगतीत अप्पा ही गोष्ट सांगतात. "पोरानं घर उडवलं असतं, मला वेळेवर वास आला म्हणून वाचलो." मग थांबून माझ्याकडे बघतात. मला भयंकर राग येतो. मी "हो" म्हणतो.