यमुनाबाईंचा पाय

यमुनाबाई अंगणात पाटावर बसून आपला सुजलेला पाय धूत होत्या. कातडीच्या प्रत्येक घडीत साबणाचा फेस हलकेच फिरवायचा, पाणी ओतायचं, मग मऊ फडक्याने बोटांच्या बेचक्या टिपून कोरड्या करायच्या. हत्तीरोगाचा पाय असा रोज जपला तर त्रास पुष्कळ कमी होतो, हे मीच त्यांना शिकवलं होतं. इतकी माया मात्र त्यांची स्वतःची.

मी गावात हत्तीरोगाच्या गोळ्या वाटत होते. शेजारची नवी सून शोभा गोळ्या हातात घेऊन हसली. "ताई, मला तर काहीच झालं नाही. मी कशाला खाऊ?"

हा प्रश्न मी दारोदारी ऐकते. डास चावून जातात, रोग अंगात वर्षानुवर्षं गुपचूप राहतो आणि माणूस स्वतःला धडधाकट समजतो. हा रोग सहसा जीव घेत नाही, म्हणून त्याची बातमीही होत नाही. काही दुखत नसताना औषध घ्यायचं म्हणजे सांगणाऱ्यावर भरवसा लागतो.

मी समजावू लागले, तेवढ्यात यमुनाबाई मान वर न करता म्हणाल्या, "तुझ्या वयात मलाही काही झालं नव्हतं, पोरी."

शोभा त्या पायाकडे बघत राहिली. मग तिने तांब्या उचलला आणि माझ्यासमोर गोळ्या गिळल्या.

"थांबा ताई, सासूबाईंना बोलावते. मागच्या वर्षी त्यांनी गोळ्या चुलीत टाकल्या होत्या म्हणे."

यमुनाबाई खुदकन हसल्या. पदराला हात पुसत सासूबाई बाहेर आल्या आणि त्यांनी माझ्यापुढे तळवा पसरला.