गाड्यांच्या वेळांचं पान

यांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा निवृत्तीला अजून काही वर्षं बाकी होती. भालकीच्या बसस्टँडवर हे कंट्रोलर होते. गाडी आली की नोंद, गाडी सुटली की नोंद, आणि मधल्या वेळात खिडकीशी येणाऱ्या प्रत्येकाला उत्तर. झटक्यानंतर उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला, बोलणं जड झालं. विचारायला येणारं कुणी उरलं नाही.

मी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात औषधांचं भांडार सांभाळते. रडत बसण्याचा माझा स्वभाव नाही. यांना घरी आणलं त्या दिवशीच मी कामं लिहून काढली: गोळ्या, व्यायाम, मालिशवाला, संडासात धरायला दांडी, रजेचे अर्ज. एकेक काम उरकत गेलं. पण या माणसानं दिवसभर करायचं काय, हे मला लिहायला सुचलंच नव्हतं. मी कामावरून परत यायची तेव्हा हे सकाळी बसवलं होतं तसेच बसलेले असायचे.

"जेवलाव का?"

"व्हय."

"मालिशवाला आला होता का?"

"व्हय."

डॉक्टर म्हणाले, हातपाय हळूहळू सुधारतील, पण मन कशात तरी गुंतवा. मन बसलं की माणूस बसतो. तेवढ्या एका वाक्यानं मला झोप लागेनाशी झाली.

पानाची कल्पना माझी. आमच्या भागात दोन राज्यांच्या गाड्या चालतात. इकडच्या गाड्यांचं वेळापत्रक कन्नडमध्ये, इकडच्या स्टँडवर. तिकडच्यांचं मराठीत, उदगीर-लातूरला. हद्द ओलांडून रोज जाणाऱ्या-येणाऱ्याला दोन्ही लागतात आणि एका जागी कुठंच मिळत नाहीत. एका जागी होती ती यांच्या डोक्यात. माझ्या बहिणीची मुलगी गुलबर्ग्याला कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. तिनं एका रविवारी येऊन इंटरनेटवर पान तयार करून दिलं. कामाची वाटणी मी करून टाकली. नाश्ता झाला की यांनी ड्रायव्हर-कंडक्टरांना फोन लावून वेळा विचारायच्या, संध्याकाळी मी त्या पानावर चढवायच्या.

पहिल्या आठवड्यात हे नाखुशीनं फोन लावत होते. मग एका सकाळी मी चप्पल घालत असताना आतून आवाज आला.

"काय अण्णा, उदगीरची गाडी कवा काढायलाव आता?"

फोन स्पीकरवर होता. पलीकडचा हसला. "साहेब, घरी बसूनबी तुमची खिडकी बंद व्हईना. आता काय दंड मारताव?"

"उशिरा काढलाव तर मारतोच की."

मी दारात तशीच थांबले. झटक्यानंतर यांनी केलेली ती पहिली थट्टा होती.

पान चाललं. आपलं पान लोकांना सापडतं कसं, हे यांना कळेना. भाचीनं सांगितलं, "काका, शोधयंत्राचा एक प्रोग्रॅम रात्रंदिवस पानापानांवरून फिरत असतोय, शिरगणतीच्या मास्तरासारखा. कुठं काय लिवलंय ते टिपून ठिवतोय. कुणी विचारलं की तवा शोधायला निघत न्हाई, आधीच टिपलेल्यातलं काढून दाखवतोय. ज्या पानाचा दाखला दुसरी पानं देतेत, ज्यावर गेलेला माणूस लगेच माघारी येत न्हाई, ते वर."

"आन हे समदं फुकट? मग त्येचं पोट कशावर चालतंय?"

"जाहिरातीवर. गुलबर्ग्याच्या आडतीत तुरीचा लिलाव बघितलाव न्हवं? तसाच. फक्त इथं ढीग तुरीचा न्हाई. तुमी जे शब्द टाइप केलाव, त्येचा लिलाव. 'भालकी उदगीर' म्हणलं की गाड्या भाड्यानं देणारे बोली लावतेत. जिंकला त्येची जाहिरात वर. माणसानं तिच्यावर बोट ठिवलं की पैसे वाजले."

"लिलाव कवा व्हतोय?"

"तुमी बटन दाबल्यावर, पान उघडायच्या आत."

हे म्हणाले, "आमच्या स्टँडच्या भिंतीवर जाहिरात लावायची तर सा-सा महिने फाईल फिरायची."

आमच्या पानावरही भाचीनं जाहिरातीची पट्टी लावली. तिच्यातला थोडा वाटा आम्हाला यायचा. फार नव्हता, आणि यांचं त्याकडे लक्षही नव्हतं. यांचं लक्ष दुसऱ्याच आकड्यावर. रोज किती जणांनी पान उघडलं तो आकडा मी संध्याकाळी वाचून दाखवायची. मी चहा ठेवेपर्यंत हे विचारायचे, "आज किती पॅसेंजर?" आकडा बरा असला की जेवण नीट व्हायचं. पानाच्या तळाशी यांचा फोन नंबर होता, त्यावर लोक काहीही विचारायचे. एका बाईनं विचारलं, इकडं बायकांना तिकीट नाही, तिकडं अर्धं, मग हद्दीवर कंडक्टर काय करतो. हे हसले. चेहऱ्याची डावी बाजूच हसायची, पण हसले.

असं दीडेक वर्ष गेलं. यांच्या व्यायामाची वही मी बंद केली, कारण आठवण करून द्यावी लागत नव्हती.

मग पॅसेंजर कमी व्हायला लागले. आधी मला वाटलं, परीक्षेचे दिवस, लोक फिरत नसतील. दुसऱ्या महिन्यात निम्मे राहिले, मग त्याहून कमी. यांनी ड्रायव्हरांनाच विचारायला सुरुवात केली.

"गाडी रिकामी जायलीय का रं?"

"कुठं रिकामी साहेब? पाय ठिवायला जागा न्हाई. फुकट तिकिटापायी आमच्या गाडीत समद्या सासुरवाशिणी."

गाडी भरलेली आणि आमचं पान रिकामं. हे मला म्हणाले, "तू आकडा चुकीचा वाचायलीस." मी परत वाचला.

भाचीला फोन केला. ती म्हणाली, "मावशी, तुमीच एकदा शोधून बघा, लोक बघतेत तसं." मी यांच्या शेजारी बसून शोधलं. सगळ्यात वर गाड्या भाड्यानं देणाऱ्याची जाहिरात. तिच्याखाली चौकटीत शोधयंत्रानंच दिलेलं तयार उत्तर: भालकीहून उदगीरला गाड्या कधी, कुठून, आणि शेवटी एक सूचना, बाजाराच्या दिवशी गाडी स्टँडात शिरत नाही, बाहेर थांबते. आमचं पान त्या उत्तराच्या खाली, बोटानं वर सरकवल्यावर दिसत होतं.

यांनी चौकट दोनदा वाचायला लावली. बाजारच्या दिवसाची गोष्ट जगात दुसऱ्या कुणी लिहिलेली नव्हती.

"हे तर आपलंच हाय," हे म्हणाले, आणि पहिल्यांदा खूशच झाले. "बघ, आपलं लिवलेलं येवढ्या वर लावलंय."

चहा झाला, कप विसळून झाले, तेव्हा यांना उमगलं.

"म्हंजी उत्तर भाईरच मिळायलंय. आत कामून येतील?"

"तसंच दिसतंय."

"आन जाहिरात?"

"ती त्यांची. ती आहे तिथंच आहे."

त्या रात्री यांनी भाकरी अर्धी ठेवली.

तरी वेळा लिहिणं चालू होतं. ऊसतोड सुरू झाली, कारखान्याच्या वाटेवर ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या, आणि उदगीरची शेवटची गाडी नेहमीपेक्षा लवकर सुटायला लागली. हे दर वर्षीचं. यांनी सकाळी विचारून घेतलं, मी त्याच दिवशी पानावर बदललं. पण वरच्या चौकटीत जुनीच वेळ राहिली. भाची म्हणाली, प्रोग्रॅम परत फिरून येईल तेव्हा बदलेल, कधी येईल ते आपल्या हातात नाही.

दोन दिवसांनी दिवेलागणीला यांचा फोन वाजला. कोहिनूर गावची एक बाई. मुलीचं बाळंतपण उदगीरला, तिकडं निघाली होती, भालकीला येऊन गाडीची वाट बघत बसली होती. गाडी कधीच गेली होती.

"भाऊ," ती म्हणाली, "मी फोनमधी बघूनच घरनं निघाले. आता हितं बसून तुमचं आख्खं पान उघडलं तर त्येच्यात येळ बरोबर हाय. आत बरोबर आन वर चूक. वर कामून चूक लिवलाव?"

ती भांडत नव्हती. भांडली असती तर बरं झालं असतं. यांनी सांगायचा प्रयत्न केला की वरचं आम्ही लिहीत नाही, आमचंच घेऊन दुसरं कुणी लिहितं. जड जिभेनं तेवढं वाक्य पुरं होईना. शेवटी मी फोन घेतला. स्टँडजवळ आमच्या ओळखीचं एक घर होतं, तिथं तिची झोपायची सोय लावली, पहाटेची गाडी सांगितली. ती म्हणाली, "बरं अक्का. पर पोरगी एकलीच हाय तिथं."

सकाळी यांनी तिला फोन लावायला सांगितलं. ती पोचायच्या आधीच बाळंतपण झालं होतं. बाळ-बाळंतीण सुखरूप. मी हे दोनदा सांगितलं. यांनी मान हलवली, आणि त्या दिवशी एकाही ड्रायव्हरला फोन केला नाही.

रविवारी भाची आली. यांनी तिला समोर बसवलं.

"आपलं लिवलेलं त्येनी घ्यायचं न्हाई, असं करता येतंय का?"

"येतंय काका. पानात एक सूचना लिवायची. मग ते चौकटीत आपल्यातलं घेणार न्हाईत."

"मग लिव."

"ऐकून तर घ्या. मग आपलं नुसतं नाव दिसंल, खाली मजकुराची एक वळ न्हाई. असल्या नावावर कोण बोट ठिवतंय? आन चौकट रिकामी ऱ्हाणार न्हाई. आपल्या वेळा उचलून चार जणांनी जाहिराती भरलेली पानं काढलीत. त्यांनी कुणाला फोन करून विचारलं न्हाई. चौकट त्येंच्यातलं घील."

"म्हंजी दार लावलं तर लोकांला चूक मिळणार."

"व्हय."

"आन उघडं ठिवलं तर आपल्याकडं कुणी येणार न्हाई."

भाचीनं माझ्याकडे बघितलं. कुठलीही अडचण आली की दोन पर्याय मांडून त्यातला कमी वाईट निवडायची मला सवय. इथं मला काही निवडता येईना. पान यांच्यासाठी होतं, आणि आकड्यासाठी होतं. लोकांना वेळ कळावी म्हणून होतं असं मी इतके दिवस सगळ्यांना सांगत होते, पण ते माझ्या मनात दुसऱ्या क्रमांकावर होतं. मी म्हणाले, "दार लावू. निदान कोहिनूरच्या बाईसारखं परत आपल्या नावावर येणार नाही."

"न्हाई," हे म्हणाले. "उघडंच ऱ्हाऊ दे. बाईला येळ कळली पायजे. कुठंबी कळू दे."

तीस वर्षांच्या नोकरीत खिडकीशी आलेल्याला यांनी कधी माघारी लावलं नसावं. मी पुढे वाद घातला नाही.

त्यानंतर सकाळचे फोन दिवसाआड झाले, मग आठवड्याला. जुन्या ड्रायव्हरांच्या बदल्या झाल्या, काही निवृत्त झाले; नव्यांना हे कोण ते माहीत नव्हतं. मी दवाखान्यातून सुटल्यावर स्टँडवर जाऊन वेळा उतरवून आणायला लागले. पानावर चढवल्या की यांना सांगायची. एका संध्याकाळी मी म्हणाले, "आज औरादची गाडी बदलली, टाकू का?"

"टाक."

"आज किती आले ते वाचू?"

हे भिंतीकडे बघत म्हणाले, "काय करायचंय."

व्यायामाची वही मी परत उघडली. तिच्यात आता रोज आठवण लिहावी लागते, आणि पुष्कळ दिवस पुढची जागा रिकामी राहते. डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी एक गोळी वाढवली.

गेल्या महिन्यात गुलबर्ग्याहून भाचीनं यांना फोन लावला तर तो बंद. तिनं मला विचारलं. बघितलं तर रिचार्ज संपून बरेच दिवस झाले होते. ना यांनी सांगितलं, ना यांना फोन लागत नाही म्हणून दुसऱ्या कुणी मला विचारलं. घरातल्या सगळ्या रिचार्जच्या तारखा माझ्याकडे लिहिलेल्या असतात. यांची मी लिहिली नव्हती, कारण तो संपायच्या दोन दिवस आधीपासून हेच माझ्यामागं लागायचे.

मी लगेच रिचार्ज केला आणि फोन यांच्या डाव्या हातात दिला. मी म्हणाले, "लावा कुणाला तरी. उदगीरच्या गाडीवर नवा ड्रायव्हर आलाय म्हणे."

यांनी फोन घेतला. नावांची यादी उघडली, अंगठ्यानं खालपर्यंत नेली, परत वर आणली. मग फोनचा पडदा आपोआप काळा झाला, तरी हे तो तसाच धरून बसले.